टॉम किलबर्न : पत्त्यांचा खरा-खोटा खेळ

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. रूमवर बसून लॅबमधल्या सर्व्हरला लॉगिन केलं, वहीत लिहून ठेवलेली एक कमांड मारली आणि... सगळं चिडीचूप. कर्सरसुद्धा हलेना. दोन मिनिटं वाट बघितली, पाच मिनिटं बघितली, आणि लक्षात आलं तेव्हा पोटात गोळाच आला. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड मी सर्व्हरच्या हातातून काढून घेऊन त्याच्या पोटातल्या एका व्हर्च्युअल मशीनला देऊन टाकलं होतं. आणि मी स्वतः त्याच कार्डातून आत शिरलेलो होतो! बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणारा गोष्टीतला तो गडी म्हणजे साक्षात मीच. लॅबला कुलूप, किल्ली सकाळी दहाला येणार, आणि त्याच सर्व्हरवर ज्युनिअर्सचं दुसऱ्या दिवशीचं सबमिशन पडलेलं.

त्या रात्री करण्यासारखं काही नव्हतं आणि झोप येणंही शक्य नव्हतं. म्हणून वाचत बसलो. सुरुवात केली ती आयओएमएमयू नावाच्या भानगडीपासून. ही कुठून आली, तिच्या आधी काय होतं, त्याच्याही आधी काय, असं करत करत पहाटे तीनच्या सुमाराला मी १९६२ सालच्या एका शोधनिबंधापाशी येऊन थांबलो. चार लेखक. पहिलं नाव टी. किलबर्न.

मित्रांनो, ट्युरिंग म्हटलं की आपल्यातला फर्स्ट इयरचा मुलगाही मान डोलावतो. किलबर्न म्हटलं की फायनल इयरचाही विचारात पडतो. तिकडे मात्र तसं नाही. मँचेस्टर विद्यापीठाचा कॉम्प्युटर विभाग ज्या इमारतीत आहे तिला त्यांचंच नाव दिलंय. आपल्याकडे व्हायवात विचारत नाहीत, एवढाच काय तो त्यांचा दोष.

टॉम किलबर्न यांचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ रोजी इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधल्या ड्यूजबरी या गावी झाला. जुन्या लोकरीच्या चिंध्या दळून त्यातून पुन्हा कापड विणणं हा त्या गावाचा प्रसिद्ध धंदा. वडील कारकून. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगा गणितात असा तयार की शाळेच्या हेडमास्तरांनी चौदाव्या वर्षापासून त्याला जवळजवळ फक्त गणितच करू दिलं. (आपल्याकडे असे हेडमास्तर असते तर निम्मा हॉस्टेल केमिस्ट्रीतून सुटला असता.) पुढे स्कॉलरशिप मिळवून ते केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात गेले. दुसरं महायुद्ध सुरू होतं, त्यामुळे डिग्री घाईघाईने उरकली गेली. १९४२ साली ते गणित घेऊन पास होऊन बाहेर पडले.

युद्धाच्या काळात पास झालेल्या पोराला नोकरी निवडायची मुभा नव्हती. किलबर्न यांना विमानदलात जायचं होतं. पाठवलं गेलं माल्व्हर्नला, रडारवर काम करणाऱ्या सरकारी संशोधन संस्थेत. त्याआधी काही आठवड्यांचा वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सचा क्रॅश कोर्स तेवढा झाला. तिथे त्यांचे साहेब होते फ्रेडरिक विल्यम्स, सर्किट डिझाइनमधले नावाजलेले गृहस्थ. विल्यम्स यांनी अनुभवी माणूस मागितला होता. आला तो एकवीस वर्षांचा, सोल्डरिंगचा गंध नसलेला गणिती. स्वागत काही फार प्रेमाने झालं नाही म्हणतात, आणि ते समजण्यासारखं आहे.

विल्यम्स यांच्या गटाचं काम काय होतं ते मला फार आवडलं. दुसऱ्या गटांची सर्किटं जिथे अडायची तिथे जाऊन बिघाड शोधून द्यायचा. म्हणजे आजच्या भाषेत ट्रबलशूटिंग. किलबर्न यांनी तीन-साडेतीन वर्षं हेच केलं. स्वतः न बांधलेल्या, पुरते कागदही नसलेल्या यंत्रासमोर उभं राहायचं आणि कुठे काय चुकतंय ते एकेक शक्यता बाद करत शोधायचं. पुस्तकातलं गणित येणारा मुलगा तिथे इंजिनिअर झाला. १९४३ साली त्यांनी आयरीन मार्सडेन यांच्याशी लग्न केलं. पुढे त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी झाली.

युद्ध संपलं आणि १९४६ च्या अखेरीस विल्यम्स मँचेस्टर विद्यापीठात प्रोफेसर म्हणून गेले. जाताना किलबर्न यांना बरोबर घेऊन गेले. दोघांच्या डोक्यात एकच किडा होता : मेमरी. गणना करणारी सर्किटं जमत होती, पण आकडे विजेच्या वेगाने ठेवायचे आणि काढायचे कुठे, हा त्या काळचा सगळ्यात मोठा अडथळा होता.

त्यांनी उपाय शोधला तो रडारच्या पडद्यात. कॅथोड-रे ट्यूबच्या काचेवर इलेक्ट्रॉनचा झोत मारला की तिथल्या फॉस्फरवर विजेचा बारीकसा भार साठतो. ठिपका काढला तर एका प्रकारचा, रेघ काढली तर दुसऱ्या प्रकारचा. झालं की शून्य आणि एक! काचेच्या पुढे धातूची पट्टी लावली की तो भार वाचताही येतो. अडचण एवढीच की भार सेकंदाच्या काही अंशात विरून जातो. म्हणून वाचायचा आणि लगेच परत लिहायचा, परत वाचायचा, परत लिहायचा, अखंड. आपल्या लॅपटॉपमधली डायनॅमिक रॅमही पोटात हेच करत असते, रिफ्रेश म्हणतो आपण त्याला. विल्यम्स यांनी १९४६ साली एक बिट साठवला होता. किलबर्न यांनी १९४७ च्या अखेरीपर्यंत एका नळीवर २०४८ बिट तासन्‌तास टिकवून दाखवले.

आता कुणीही म्हणालं असतं, झालं काम, पेपर छापा. पेपर छापलाही. पण किलबर्न यांना शंका होती आणि ती अगदी ट्रबलशूटरची शंका होती. स्थिर चित्र तासन्‌तास टिकतं हे ठीक. पण खरा कॉम्प्युटर त्या मेमरीत कुठल्याही क्षणी, कुठेही, सेकंदाला हजारो वेळा हात घालणार, तेव्हाही टिकेल का? ते तपासायचा एकच मार्ग होता, कॉम्प्युटर बांधून बघणे. मेमरी टेस्ट करायला म्हणून, जेवढा लहान चालेल तेवढा लहान.

त्याचं नाव पडलं बेबी. जेफ टूटिल यांच्या मदतीने किलबर्न यांनी तो उभा केला, युद्धातून उरलेल्या सामानातून. (चिंध्यांपासून कापड. गाव आठवा.) साडेपाचशेच्या आसपास व्हॉल्व्ह, ३२ बिटांचे ३२ शब्द एवढी मेमरी, आणि फक्त सात सूचना. त्यात बेरीज नव्हतीच! वजाबाकी होती आणि चिन्ह उलटं करून आकडा उचलायची सोय होती. ऋण वजा केलं की बेरीज होते, मग वेगळं सर्किट कशाला?

१९४८ च्या जूनमधले ते दिवस म्हणजे नुसती बिघाडांची जत्रा. बटणं दाबून एकेक बिट भरायचा, सुरू करायचं, आणि पडद्यावरचे ठिपके वेडेवाकडे नाचायला लागायचे. कुठे चुकलं याचा काहीएक पत्ता नाही. एरर मेसेज नाही, लॉग नाही. परत सगळं तपासायचं, परत सुरू करायचं. एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती : मेमरीत काय साठलंय ते पडद्यावर डोळ्यांनी दिसायचं. आज आपण पैसे देऊनही अशी मेमरी मिळवू शकत नाही.

२१ जून १९४८ रोजी ठिपके थांबले ते बरोबर जागी थांबले. किलबर्न यांनी लिहिलेला १७ सूचनांचा प्रोग्रॅम ५२ मिनिटं चालला. २ चा १८ वा घात, म्हणजे २,६२,१४४, या संख्येचा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक शोधायचा होता. उत्तर १,३१,०७२. हे उत्तर तोंडी कुणालाही येतं, दोनने भागलं की झालं. पण मुद्दा उत्तराचा नव्हताच. यंत्राने वरून एकेक संख्या घेऊन, वजाबाक्या करत करत, लाखो सूचना न चुकता पार पाडाव्यात आणि मेमरी कुठे फसते का ते कळावं, म्हणून मुद्दाम लांबचा रस्ता धरला होता. इलेक्ट्रॉनिक मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम चालवणारं हे जगातलं पहिलं यंत्र. ट्युरिंग मँचेस्टरला आले ते त्यानंतर, त्याच वर्षाच्या शरद ऋतूत. श्रेयाच्या गोष्टी सांगताना हा क्रम बऱ्याचदा उलटा होतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पुढची दहा वर्षं भरभर सांगतो. बेबीचा मार्क वन झाला. तो फेरांटी कंपनीने विकायला काढला आणि पहिला नग १९५१ च्या फेब्रुवारीत विद्यापीठातच आला. आयबीएमने आपल्या ७०१ या कॉम्प्युटरमध्ये मेमरी म्हणून विल्यम्स-किलबर्न नळ्याच वापरल्या. विल्यम्स परत आपल्या इतर विद्युत यंत्रांकडे वळले आणि कॉम्प्युटरचा सगळा कारभार किलबर्न यांच्याकडे आला. फेरांटीचा मर्क्युरी हा कॉम्प्युटरही त्यांच्याच गटाच्या कामातून आला.

पण मार्क वनमध्ये एक दुखणं राहून गेलं होतं, आणि माझ्या त्या रात्रीच्या घोटाळ्याचं मूळ शोधायचं तर इथेच थोडं थांबायला हवं.

मार्क वनला दोन मेमऱ्या होत्या. नळ्या वेगवान पण लहान. फिरणारा चुंबकी ड्रम मोठा पण हळू. नळ्यांमधल्या मजकुराच्या ठरावीक तुकड्याला पान म्हणायचे, आपण पेज म्हणतो ते हेच. कुठलं पान ड्रमवरून केव्हा नळीत आणायचं, कुठलं परत पाठवायचं, हे सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतः लिहायचं. गणित करायला बसलेला माणूस निम्मा वेळ हमाली करत होता.

१९५६ साली किलबर्न यांनी नवा प्रकल्प सुरू केला. ध्येय होतं दर मायक्रोसेकंदाला सुमारे एक सूचना. सरकार आणि कंपन्या सुरुवातीला फारशा उत्सुक नव्हत्या, तेव्हा विद्यापीठाने कॉम्प्युटरचा वेळ बाहेरच्यांना विकून कमावलेल्या पैशांवर काम सुरू ठेवलं. १९५९ साली फेरांटी सामील झाली आणि यंत्राचं नाव ठरलं ॲटलस. ७ डिसेंबर १९६२ रोजी सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्या घटकेला जगातल्या सर्वांत शक्तिशाली कॉम्प्युटरांत त्याची गणना होत होती.

वेग बाजूला ठेवा. ॲटलसची खरी गंमत त्या शोधनिबंधात आहे, जो किलबर्न यांनी एडवर्ड्‌स, लॅनिगन आणि सम्नर यांच्याबरोबर लिहिला. कल्पना अशी : प्रोग्रॅमला खरा पत्ता सांगायचाच नाही.

आपल्या हॉस्टेलचं उदाहरण घेऊ. समजा ब्लॉकमध्ये ३२ खोल्या आहेत आणि मुलं आहेत दोन हजार. उरलेली मुलं गावात कॉट बेसिसवर. बाहेरच्या कुणालाही मुलाचा फक्त रोल नंबर माहीत, खोली नंबर नाही. गेटवर वॉचमनकाकांकडे ३२ ओळींची यादी : या खोलीत सध्या हा रोल नंबर. पत्र आलं की काका यादी बघतात आणि खोलीत टाकतात. यादीत तो रोल नंबर नसला तर काका पत्र आणणाऱ्याला थांबवतात, गावातून त्या मुलाला बोलावतात, कुठल्यातरी बिनकामाच्या पोराला बाहेर काढून त्याची खोली याला देतात, यादीत खाडाखोड करतात आणि मग म्हणतात, जा आता. पत्र आणणाऱ्याला वाटतं, सगळी दोन हजार मुलं इथेच राहतात!

ॲटलसमध्ये खरोखरच ३२ ओळी होत्या. मुख्य मेमरी १६,३८४ शब्दांची, पान ५१२ शब्दांचं, भागाकार करून बघा. प्रत्येक खोलीला एक रजिस्टर, आणि ३२ रजिस्टरं एकाच वेळी तपासली जायची, कारण एकेक ओळ वाचत बसलं तर वेगाचं वाटोळं. कुणाला बाहेर काढायचं हे ठरवायला कोणतं पान कधी वापरलं गेलं याची नोंद ठेवून अंदाज बांधणारा एक प्रोग्रॅम होता. चुकीच्या पोराला हाकललं तर ते पाच मिनिटांत परत येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढे लोक याला व्हर्च्युअल मेमरी म्हणू लागले. किलबर्न आणि मंडळींनी मात्र एकपातळी साठवण अशा अर्थाचं साधं नाव दिलं होतं. आयबीएमने १९७२ साली आपल्या ३७० मालिकेत व्हर्च्युअल मेमरी आणली आणि त्याबरोबरच व्हीएम/३७० ही व्हर्च्युअल मशीनची सिस्टिमही. एका प्रोग्रॅमला खोटा पत्ता देता येतो, तर अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिमला का नाही?

आता माझ्या घोटाळ्याकडे येतो. आमचा मिनी प्रोजेक्ट होता लॅबसाठी फायरवॉल, एका जुन्या सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये. त्या मशीनला खोटं, सॉफ्टवेअरचं नेटवर्क कार्ड नको, खरं कार्ड थेट हवं, असं आम्ही ठरवलं. त्याला पासथ्रू म्हणतात. वेग चांगला मिळतो आणि मधली सर्व्हरची लुडबूड जाते. ऐकायला सोपं आहे.

अडचण अशी की नेटवर्क कार्ड प्रोसेसरला न विचारता मेमरीत थेट लिहितं. डीएमए. व्हर्च्युअल मशीनमधला ड्रायव्हर कार्डाला सांगतो, आलेलं पॅकेट अमुक पत्त्यावर टाक. पण त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला माहीत असलेला पत्ता खोटा! कार्ड वॉचमनकडे न जाता मागच्या भिंतीवरून उडी मारून आत येतं आणि रोल नंबरलाच खोली नंबर समजून भलत्याच खोलीत पार्सल टाकून जातं. भलती खोली म्हणजे सर्व्हरची किंवा दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनची मेमरी. म्हणून कार्डांसाठी वेगळा वॉचमन लागतो, मागच्या भिंतीपाशी. तोच आयओएमएमयू. इंटेलने आपल्या व्हीटी-डी या तंत्राची माहिती २००६ साली जाहीर केली. म्हणजे किलबर्न यांनी पुढच्या दारावर जो माणूस १९६२ साली बसवला, तो मागच्या दारावर आमच्यासारख्यांच्या मशीनमध्ये यायला चाळीसेक वर्षं गेली.

आमचा पहिला दिवस गेला तो हा वॉचमन झोपलाय हे कळण्यात. बायोसमध्ये व्हीटी-डी बंद होतं. ते चालू केलं, शिवाय लिनक्सच्या बूट ओळीत त्याला जागं करणारा शब्द टाकावा लागतो, तो टाकला. दुसऱ्या दिवशी वेगळीच एरर : गट चालण्यायोग्य नाही. झालं होतं असं की आमचं कार्ड ज्या स्लॉटमध्ये होतं, त्याच वाटेवर आणखी एक कंट्रोलर होता, आणि वॉचमनला त्या दोघांतला फरक खात्रीने ओळखता येत नव्हता. एकाच गेटपासवर आलेली जोडी, सोडायची तर दोघांना, नाहीतर कुणालाच नाही. त्या कंट्रोलरवर सर्व्हरच्या डिस्क लटकलेल्या, म्हणजे तो देऊन चालणार नव्हतं. संध्याकाळी कार्ड काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं. यादी बघितली, कार्ड एकटं वेगळ्या गटात. आनंदीआनंद! चहा पिऊन आलो आणि रात्री रूमवरून ती कमांड मारली, वहीतली.

वहीत कार्डाचा पत्ता होता तो कालचा. स्लॉट बदलला की पीसीआय बसचे क्रमांक बदलू शकतात, नव्हे, बदललेच होते. जुन्या क्रमांकावर आता सर्व्हरचं स्वतःचं कार्ड राहायला आलं होतं. म्हणजे भाडेकरू बदललेल्या खोलीवर मी जुन्या नावाने जप्ती आणली. पहाटे तीन वाजता ॲटलसबद्दल वाचताना हे डोक्यात लख्ख झालं, आणि खरं सांगतो, हसू की रडू कळेना. ज्या माणसाने आयुष्य घालवून सांगितलं की खऱ्या पत्त्यावर विसंबून काही लिहू नका, त्याच्यावरच वाचत होतो.

सकाळी दहाला लॅब असिस्टंट काका आले. मॉनिटर जोडला, सर्व्हर रीबूट केला, सबमिशन शाबूत होतं. (ज्युनिअर्सना हे आत्ता पहिल्यांदा कळत असेल. सॉरी.) नवा पत्ता बघून कार्ड दिलं, फायरवॉल सुरू झाली. आणि दहा मिनिटांनी सर्व्हरवरची बाकीची व्हर्च्युअल मशीनं धडाधड बंद पडायला लागली!

हा शेवटचा बिघाड मात्र मला त्या शोधनिबंधामुळे लगेच सापडला. सर्व्हरची मेमरी ८ जीबी. फायरवॉलला आम्ही ऐटीत ६ जीबी देऊन ठेवलेली. कार्ड नव्हतं तोपर्यंत ती कागदावरचीच ६ जीबी होती, जेवढी पानं खरंच वापरात तेवढीच मेमरी सर्व्हर देत होता. ॲटलसचाच न्याय. पण प्रोग्रॅमला थांब म्हणता येतं, पान आणतो मग पुढे जा म्हणता येतं. आमच्या कार्डाला तसं थांबवता येत नव्हतं. पॅकेट आलं की ते लिहिणारच. म्हणून पासथ्रू म्हटलं की त्या व्हर्च्युअल मशीनची सगळीच्या सगळी पानं जागच्या जागी खिळून टाकावी लागतात. सहाच्या सहा जीबी एकदम अडकली, बाकीच्यांचा श्वास कोंडला. फायरवॉलची मेमरी २ जीबीवर आणली आणि सगळे सुखाने नांदू लागले.

किलबर्न यांच्या ॲटलसमध्ये या खिळ्याचंही बीज आहे. त्या ३२ रजिस्टरांतल्या प्रत्येकाला एक कुलपाचा बिट होता. ड्रम किंवा टेप एखाद्या पानात मजकूर भरत असेल तोपर्यंत त्या पानाला कुलूप, प्रोग्रॅमला आत प्रवेश नाही. यंत्राच्या दोन भागांनी एकाच खोलीत एकाच वेळी शिरलं तर काय होतं, हे त्यांना माल्व्हर्नपासून माहीत असावं. कुणा दुसऱ्याची सर्किटं दुरुस्त करत फिरलेला माणूसच असा बिट आधी टाकून ठेवतो असं मला वाटतं. सर म्हणतील हे अनुमान आहे. आहेच.

१९६४ साली मँचेस्टरला कॉम्प्युटर सायन्सचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, ब्रिटनमधला पहिला, आणि किलबर्न त्याचे पहिले प्रमुख. पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यानंतर त्यांनी एमयू-५ हा आणखी एक कॉम्प्युटर उभा केला, ज्याच्या कल्पना आयसीएल कंपनीच्या २९०० मालिकेत उतरल्या. बेबीपासून मोजलं तर पाच यंत्रं. ॲटलस १९७१ साली बंद झाला.

माणूस गवगवा करणारा नव्हता. भाषणं, मुलाखती यांच्यापेक्षा मँचेस्टर युनायटेडची मॅच त्यांना जास्त जवळची. १९८१ साली ते निवृत्त झाले. त्याच वर्षी पत्नी आयरीन गेल्या. अडतीस वर्षांचा संसार. सगळी यंत्रं उभी करून झाल्यावर, आता घरी बसायचं, अशा वेळी घरात कुणी नव्हतं. याबद्दल मला जास्त काही लिहिता येत नाही.

१९९८ साली बेबीला ५० वर्षं झाली. मूळ यंत्र तर केव्हाच सुटं होऊन नव्या यंत्रांत जिरून गेलं होतं. तेव्हा ख्रिस बर्टन यांच्या पुढाकाराने कॉम्प्युटरच्या इतिहासावर प्रेम करणाऱ्या मंडळींनी जुने फोटो आणि टिपणं जमवून, शक्य तिथे त्याच काळचे व्हॉल्व्ह वापरून तसाच्या तसा बेबी मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात परत उभा केला. २१ जूनला तो सुरू झाला तेव्हा किलबर्न आणि टूटिल दोघेही समोर होते. एक सत्त्याहत्तरीकडे झुकलेला, दुसरा त्याच्याच वयाच्या आसपासचा. पडद्यावर हिरवे ठिपके उमटले आणि या वेळी नाचले नाहीत.

१७ जानेवारी २००१ रोजी मँचेस्टरमध्ये टॉम किलबर्न यांचं निधन झालं. वय ७९. आपल्यातले बरेचसे तेव्हा जन्मलेही नव्हते.